'रानवीर'चा दुसरा टप्पा

सिद्धूला जगातलं दुसरं काही कळो न कळो, पण 'रानवीर' या व्हिडिओ गेमबद्दल त्याच्याशी वाद घालायची मिरजेत कुणाची छाती नव्हती. या गेमचे एकूण सहा भाग निघाले. पहिल्या दोन भागांनी पोरांना वेड लावलं, सहावा कुत्र्यानंही हुंगला नाही. यंदा कंपनीनं पहिलाच भाग नव्यानं रंगवून आणला, तोही तोंडावर आपटला. असं का झालं, यावर सिद्धू आपल्या यूट्यूब चॅनेलसाठी व्हिडिओ करत होता. कारणं त्यानं आधीच लिहून ठेवली होती. कंपनी हावरट झाली, त्याच त्या मोहिमा उगाळल्या, आणि हल्लीची पोरं नाजूक. शेवटचं कारण त्याला फार आवडायचं.

रविवारी सकाळी त्यानं कॅमेरा लावला आणि आपल्या बारा वर्षांच्या लेकीला, सृष्टीला, खेळायला बसवलं. मागं खाटेवर त्याचे वडील ज्योतिबा होते. जत तालुक्यातले धनगर, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकाकडं आलेले. डोळ्यांवर काळा चष्मा आणि खांद्यावर घोंगडं. इतक्या उकाड्यात ते कशाला, हे त्यांना विचारायची सोय नव्हती.

पहिला टप्पा हसतखेळत पार पडला. दुसरा सुरू झाला आणि सिद्धूनं मागं वळून खाटेकडं पाहिलं. हा टप्पा तो हजारदा खेळला होता, पण बाप मागं बसलेला असताना एकदाही नाही.

पडद्यावर डोंगर, डोंगरावर कुठल्याशा परदेशातले मेंढपाळ. डोक्यावरून घोंगडं, हातात काठी, बोळकं तोंड. त्यांना लाथ घालून पाडायचं. पडताना म्हातारा मेंढीसारखा बें करायचा आणि वर आकडा उमटायचा, शंभर.

सृष्टीनं एकाला पाडलं आणि थांबली.

"पप्पा, यांनी काय केलंय?"

"काही नाही गं. वाटेत येतात. पाड."

"पण हे आजोबांसारखे दिसतात." तिनं रिमोट खाली ठेवला.

"काय चाललंय रं सिद्धू?" ज्योतिबांनी विचारलं. "मेंढरू वरडल्यागत वाटलं."

सिद्धूनं आधी कॅमेरा बंद केला.

अकरावीला तो इथंच, मिरजेच्या एका वसतिगृहात होता. गेमच्या या दुसऱ्या टप्प्यात तेव्हा त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आपण धनगराचं पोर आहोत हे त्यानं खोलीत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि संशय नको म्हणून म्हाताऱ्यांना सगळ्यांत जोरात तोच हाणायचा. एका दुपारी ज्योतिबा भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन फाटकात उभे राहिले. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "आलं बघा शंभर!" सगळी खोली खिदळली. सिद्धूही हसला. कोण रे हा, असं कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या घरचा गडी हाय." मग खाली जाऊन गाठोडं घेतलं आणि बापाला फाटकातूनच वाटेला लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता सृष्टी त्याच्याकडं बघत होती. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाटेजवळ खाली बसला.

"तात्या, हॉस्टेलवर तुमी आला हुता, तवा मी पोरांस्नी..."

"ठावं हाय," ज्योतिबा म्हणाले. "खिडकी उघडीच हुती."

"मग बोलला का न्हाई कवा?"

"काय बोलायचं? तुझी आय इचारायची, पोराकडं कवा जायचं. म्या म्हणायचो, मेंढरं टाकून कसं जायाचं." ते घोंगड्याची दशी चाचपत राहिले. "तवा धा-पंधरा पोरं ऐकत हुती, सिद्धू. आता कोण ऐकतंय?"

पोरं नाजूक झाली म्हणून गेम पडला, असं सिद्धू चारचौघांत छाती फुगवून सांगणार होता. त्याच्या नाजूक लेकीला एका लाथेत जे कळलं, ते त्याला बावीस वर्षांत कळू नये!

तो उठला. कॅमेरा खाटेकडं वळवून त्यानं परत चालू केला आणि बापाच्या शेजारी, घोंगड्याला खेटून बसला. नेहमीची फर्डी सुरुवात तोंडातून निघेना.

"हे माझे वडील," तो म्हणाला.