कारण : भातलावणी

आमच्या कॉलेजात जुलै आला की सगळ्यांना टायफॉइड व्हायचा. अठ्ठ्याऐंशी साली तर विचारूच नका, निम्मा एस.वाय.बी.ए. आजारी! नोटीस बोर्डावर गैरहजर पोरांची यादी लागली की उल्हासनगर कॅम्प पाचातल्या एका डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणायचं, प्रिन्सिपॉलांच्या टेबलावर ठेवायचं आणि टर्म मंजूर करून घ्यायची. टर्म नाही तर परीक्षा नाही. सगळं खोटं आहे हे डॉक्टरला माहीत, पोरांना माहीत, आमच्या प्रिन्सिपॉल देवस्थळी सरांनाही माहीत.

त्या यादीत माझंही नाव होतं. चंद्री सखा उघडे.

मी काही मजा मारायला गेले नव्हते. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला आमची वाडी. आमच्यात भातलावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी धोंडीकाकाच्या खाचरात वाकायचं, उद्या गोमाच्या, परवा आमच्या. ज्याच्या घरची माणसं सावडीला गेली नाहीत, त्याच्या खाचरात कुणी उतरत नाही. बाप वारल्यापासून घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आई एकटी किती पुरणार? मग मी गेले, आणि लावणी संपेपर्यंत चिखलात उभी राहिले.

"पागल है क्या, चंद्री?" माझ्या बाकावरची भारती हेमनानी म्हणाली. "टायफॉइड लिखवा ले ना. सब लिखवाते हैं."

"मला झालाच नाही तर कशाला लिहून आणू?"

डोकंच फिरलं होतं माझं. मी साधा अर्ज लिहिला. कारण : भातलावणी.

देवस्थळी सरांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "अगं, हे नियमात बसत नाही. मेडिकल आण. नाहीतर 'घरगुती अडचण' असं लिही, मी बघतो काय ते." माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्तच संताप आला.

"अडचण नाही सर. लावणी आमचं काम आहे. अडचण तुमच्या कॉलेजची झालीय."

शेजारी उभ्या असलेल्या हेडक्लार्क आण्णांनी जीभ चावली. पण मी कुठली थांबतेय!

"आणि सर, एकाच वर्गात एवढ्या पोरांना टायफॉइड झाला, तर तुम्ही पाण्याची टाकी का नाही धुवून घेतलीत?"

झालं! सर लालबुंद. "उद्या घरच्यांना घेऊन ये. त्यांनी सांगितलं तर ठीक, नाहीतर वर्ष गेलं म्हणून समज."

दुसऱ्या दिवशी आई आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. आण्णांनी तिला जिन्यातच गाठलं. "बाई, पोर तापानं फणफणली होती एवढंच सांगा. वर्ष वाचेल तिचं." आईनं मान डोलावली. वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिली पोर, आणि माझं बी.ए. माझ्यापेक्षा तिलाच जास्त हवं होतं.

केबिनमध्ये खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"काय हो, जुलैत ही आजारी होती ना?" सरांनी पेन उघडत विचारलं.

"व्हय," आई म्हणाली. जमिनीकडे बघत.

वाडीत कुणापुढे मान खाली न घालणारी माझी आई, आणि इथे चोरासारखी उभी.

"मग धोंडीकाकाच्या खाचरात तुझ्या शेजारी कोण होतं, आई?"

"चंद्री, गप बस!" आण्णा ओरडले.

"नाही बसणार! सर, माझ्या आईला खोटं बोलायला लावू नका. माझं वर्ष घ्यायचं तर खुशाल घ्या."

सरांनी घेतलं. टर्म नामंजूर.

बाहेर आल्या आल्या आईनं पाठीत रपाटा घातला. "लई शानी झालीस! गप ऱ्हायली असतीस तर काय मेली असतीस?" आणि पायरीवर बसून रडायलाच लागली. मीही रडले, का खोटं बोलू? वर्ष जाणं म्हणजे गंमत नव्हती. वाडीत लोक आधीच माझ्या लग्नाचं काढत होते, आता तर त्यांना आयतंच निमित्त मिळणार. पण आत जाऊन माफी मागावी असं एकदाही वाटलं नाही.

थोड्या वेळानं आईनं पदरानं तोंड पुसलं. उठली, आणि माझ्याकडे न बघता सरळ केबिनकडे चालू लागली. "अहो बाई, अहो बाई," करत आण्णा मागे, आणि त्यांच्या मागे मी.

"सायेब," ती दारातूनच म्हणाली, "मगाशी मी खोटं बोलली. पोर धडधाकट हाय माजी. या वर्साला तिला बसवायचं नाय तर नका बसवू. पुढल्या वर्साला ती याच वर्गात येल. आनि आखाडात पुन्हा लावनीला जानार, ते आत्ताच लिवून ठेवा."