फिका मासा

अ‍ॅमेझॉन नदीतून पकडून आणलेले चार डिस्कस मासे मी दिलसुखनगरच्या एका दुकानातून घेतले होते. ताटलीसारखे गोल, तपकिरी. त्यांतला एक फारच फिका होता, एकाचा पर फाटलेला. ते दोन मी चिक्कडपल्लीच्या भामाआत्याला देऊन टाकले.

उरलेल्या दोघांची जोडी जमली. पाण्याचं तापमान, आम्लता, क्षार मी रोज वहीत लिहीत होते. आठ महिन्यांत सहा वेळा अंडी झाली आणि सहाही वेळा तिसऱ्या दिवशी पांढरी पडली. सहाव्यांदा मी समोर बसून राहिले, तेव्हा दोघंही अंडी घालताना दिसली. दोन्ही माद्या होत्या.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. तिच्याकडे पिल्लं झाली होती. मी लगेच तिच्या घरी गेले.

आत्याने आम्लता कधी मोजलेली नाही. नळाच्या पाण्याचे काचेवर डाग पडतात, म्हणून ती टाकीत पिण्याच्या फिल्टरचं पाणी भरते, एवढंच. डिस्कसच्या अंड्यांना नेमकं तसंच कमी क्षारांचं पाणी लागतं. फिका मासा आता गडद झाला होता आणि त्याच्या अंगाला शंभरेक पिल्लं चिकटली होती. अंडी पर फाटलेल्या मादीने घातली होती, म्हणजे चौघांतला नर तोच होता.

आत्याने जाळी आणि टब काढून ठेवला होता. मोठे मासे पिल्लांना खातील, अशी तिला भीती वाटत होती. "काढू का गं बाहेर? तू शिकलेली, तूच सांग."

डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या कातडीवरचा चिकट थर खाऊनच जगतात. वेगळी केली तर उपाशी मरतात. हे मला पाठ होतं.

"काढ," मी म्हटलं. "मोठ्यांचा भरवसा नसतो."

चहा नको म्हणून मी निघाले. दोन जिने उतरले. रिक्षावाल्याने बरकतपुऱ्याला माझ्या घरापर्यंतचे पैसे सांगितले, आणि मी परत वर धावले.

आत्याची जाळी पाण्यात होती, पण रिकामी. "हे बघ, त्याला सोडतच नाहीत मेली."

"सोडणार नाहीत. त्याचं अंगच खातात ती. जाळी काढ, आत्या."

तिने जाळी काढली. हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "मग मघाशी काढ का म्हणालीस?"

मी टाकीकडेच बघत राहिले. "तो मासा माझा होता," मी म्हटलं.

"तूच तर दिलास," आत्या म्हणाली आणि टब उचलून आत गेली.