भंगारातला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना, खोटारडा ठरवलेला वजनकाटा आहे. कारखान्यामागच्या भंगारात गंजत पडलो आहे. आता कोणाचा राग येत नाही. फार थकलो आहे, एवढंच.

उमेदीच्या काळात मी स्प्रिंगा तपासायच्या खोलीत होतो. खुर्च्यांच्या, दारांच्या स्प्रिंगा माझ्यावर दाबून बघत आणि कोणती किती किलोला दबते ते माझी सुई दाखवायची. "याचा शब्द म्हणजे शब्द!" असं आमचे इंजिनियर सर कौतुकाने म्हणायचे. शाळा सुटली की त्यांची लेक यायची आणि दप्तर टाकून आधी माझ्यावर चढायची. एकवीस किलो. सर हसायचे.

मग एक नवं काम आलं. जमिनीत पुरायच्या सुरुंगाची स्प्रिंग हवी होती. ती वीस किलोला दबून सुरुंग फुटायला हवा होता. सरांनी तो कागद तीनदा वाचला आणि मोठ्या साहेबांना बोलावून घेतलं.

"साहेब, वीस किलोत लहान पोरंसुद्धा येतात हो."

"आपण स्प्रिंगा करतो. पाय कोणाचा पडेल, ते या कागदावर लिहिलंय का? नाही ना? मग झालं तर."

साहेब गेल्यावर सरांनी माझं पोट उघडलं आणि आतला स्क्रू पिळला. तेव्हापासून चाळीस किलोचा दाब पडला तरी मी वीसच दाखवू लागलो. दुप्पट ताठ स्प्रिंगा पास होऊन बाहेर पडू लागल्या. जन्मात पहिल्यांदा मी खोटं बोलत होतो आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटत होता.

पण लेकीला सांगायचं राहून गेलं. एके दुपारी साहेब खोलीत असतानाच ती माझ्यावर चढली.

"बाबा, मी साडेदहा किलोची झाले!"

साहेबांनी सुईकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काटाच बिघडलाय, साहेब," ते म्हणाले.

त्याच दिवशी नवा काटा आला. गेलेल्या स्प्रिंगा परत मागवल्या. नव्या स्प्रिंगा सरांनी स्वतः तपासल्या, आणि एकूणएक स्प्रिंग वीस किलोला दबली. लेक नव्या काट्यावर चढायला गेली, तेव्हा मात्र ते तिच्यावर खेकसले, "उतर खाली!"

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या इंजिनियर होईल. यंत्रांना जपा, वेळच्या वेळी तेलपाणी करा. पण 'नाही' म्हणायची वेळ आली, तर ते स्वतःच्या तोंडाने म्हणा. आमच्यावर ढकलू नका. आम्हाला बदलायला अर्धा तास पुरतो.