वीरुपाक्षचा जबाब

लसीच्या बाटलीत सुई खुपसून वीरुपाक्ष औषध ओढत होता, तेवढ्यात बाहेर कोणीतरी म्हणालं, "आता बोल की, मास्तर."

त्यानं मान वर केली. गुरांच्या दवाखान्याच्या खिडकीतून लिंबाखालचा लोखंडी खोडा दिसायचा. जनावर हलू नये म्हणून त्यात उभं करायचे. आज चौघांनी त्या खोड्याच्या दांडीला टेकवून माणिकरावांना धरलं होतं. चौघांत वीरुपाक्षच्या बहिणीचा मुलगा विरेशही होता.

राणीसावरगावच्या अलीकडच्या त्या गावात महिन्याभरापासून लम्पीनं जनावरं मरत होती. गावानं ठरवलं की सोमवारी सगळी गुरं देवळापुढं आणायची, त्यांच्यावर अभिषेकाचं पाणी शिंपडायचं आणि तोवर कोणी सुई टोचून घ्यायची नाही. निवृत्त शिक्षक असलेले माणिकराव ग्रामसभेत उभे राहिले आणि म्हणाले, आजारी आणि धडधाकट जनावरं एका जागी आणली तर रोग दुपटीनं पसरेल. खरं तर हे त्यांना वीरुपाक्षनंच सांगितलं होतं. तोही त्या सभेत होता. मागच्या सतरंजीवर बसून पायाचा अंगठा चोळत होता.

माणिकराव तेवढ्यावर बसले असते तर निभावलं असतं. पण कोणीतरी विचारलं, देवाला मानता का नाही? ते म्हणाले, "न्हाई मानत." आवाज चढवला नाही की खाली आणला नाही. त्या दिवसापासून गावाला रोगाचं कारण सापडलं. न्हाव्यानं त्यांची दाढी करायचं सोडलं, पिठाच्या गिरणीत त्यांचा डबा शेवटी राहू लागला, मग परत येऊ लागला. सोमवार झाला, आणि पुढच्या आठवड्यात आणखी नऊ बैल गेले. त्याचा राग आता खोड्यापाशी आला होता.

"देव हाय म्हण," गोपाळ म्हणाला. चौघांत तोच मोठा होता.

माणिकरावांनी नाही म्हणून मान हलवली. कानशिलात बसली तसा चष्मा उडाला. विरेशनं त्यांचा हात पाठीमागं पिरगळला. वीरुपाक्षच्या हातात सिरिंज तशीच होती. दाराशी जायला चार पावलं होती, ती त्यानं नंतर कितीदा तरी मनात मोजली.

"गावात अजून कोण हाय तुज्यावानी?" गोपाळनं विचारलं. "नाव सांग, सोडतो."

माणिकरावांनी मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं. दोघांची नजर भिडली, क्षणभर तशीच राहिली. मग माणिकरावांनी ती गोपाळकडे वळवली.

"मी एकटाच हाय," ते म्हणाले.

वीरुपाक्षनं खिडकी लावून घेतली. कडी बसवताना आवाज होऊ नये याचीही त्यानं काळजी घेतली.

माणिकराव खोटं बोलले होते. सहा वर्षांपूर्वी लसीकरणाला दुसऱ्या गावी जाताना मोटारसायकलवर वीरुपाक्षनं त्यांना सांगितलं होतं, की आपलाही विश्वास उरलेला नाही. तो कधी सुटला ते त्याला सांगता येत नव्हतं. एके दिवशी पूजेला बसल्यावर आपण खोलीत एकटेच आहोत असं त्याला वाटलं आणि पुढं रोज तेच वाटत राहिलं. माणिकराव मागं बसले होते, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून बोलणं जमलं. घरी मात्र पूजा चालूच होती. ज्या गोष्टीसाठी माणिकरावांनी मार खाल्ला ती निम्मी त्याची होती.

ते चौघं गेल्यावर तो बाहेर आला. गुरांना वापरायच्या पट्टीनं त्यानं माणिकरावांचा हात गळ्यात बांधला. मनगट सुजून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. वीरुपाक्षनं सांगितलं, मी आत औषध भरायलो होतो, काही बघितलं नाही. हे सांगताना माणिकराव समोरच्याच बाकावर बसलेले होते. त्यांनी फक्त मान खाली घातली. दुसरा साक्षीदार नव्हता, म्हणून प्रकरण तिथंच थांबलं. संध्याकाळी बहीण, विरेशची आई, पेढे घेऊन आली. स्वप्नाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या सोयरिकीचं बोलणं याच बहिणीनं जमवलं होतं. वीरुपाक्षनं पेढा घेतला आणि खाल्लाही.

महिन्याभरानं माणिकरावांची मुलगी निकिता परभणीहून टेम्पो घेऊन आली. सामान उचलायला गावातलं कोणी आलं नाही. वीरुपाक्ष गेला, तोही उन्हं कलल्यावर, गल्लीत माणसं नाहीत असं बघून. कपाटाचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं निकितानं. कपाट टेम्पोत चढल्यावर ती त्याच्याकडे पाठ करून आत गेली.

माणिकराव टेम्पोत बसायच्या आधी तो त्यांच्याजवळ गेला. "माणिक, त्या दिवशी..."

"तुज्या घरात लग्नाची पोरगी हाय, विरू," माणिकराव म्हणाले. "मला ठाव हाय ते. मी कुणाजवळ बोललो न्हाई. तू जीवाला लावून घेऊ नको."

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला घरी जाऊन झोप लागली असती.

स्वप्नाचं लग्न पार पडलं. मांडवात विरेशनं पंगत वाढली, मामाला आग्रह करून जिलबी घातली. घालताना त्यानं वीरुपाक्षच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मामा, तुमी घरच्यावानी वागलात." ते शब्द वीरुपाक्षच्या मनातून जाईनात. चार दिवसांनी तो रजा टाकून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेला.

हवालदार वयस्कर होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर वीरुपाक्ष म्हणाला, "भ्यालो होतो, साहेब." मग त्यानं चौघांची नावं सांगितली. विरेशचं नाव त्यानं सगळ्यात शेवटी घेतलं. माणिकरावांना काय विचारलं आणि ते काय म्हणाले, तेही सांगितलं.

"खरंच एकटा हाय का हो तो माणूस?" लिहिता लिहिता हवालदारानं सहज विचारलं. "अख्ख्या गावात?"

वीरुपाक्षनं ओठ उघडले. बाहेर ओट्यावर कोणीतरी मोबाईलवर मोठ्यानं बोलत होतं. "तो तसं म्हणाला," वीरुपाक्ष म्हणाला.

हवालदारानं मान डोलावली आणि कागदाच्या वरच्या मोकळ्या जागा भरायला घेतल्या. नाव. वय. धंदा. चौथ्या जागेपाशी पेन जरा थांबलं.

"धर्म?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःशीच हसला. "वीरुपाक्ष म्हटल्यावर काय विचारायचं. लिंगायत. बरोबर हाय ना?"

पेन त्या जागेवर टेकलेलं होतं. अजून लिहिलेलं नव्हतं.

"बरोबर हाय," वीरुपाक्ष म्हणाला.

हवालदारानं लिहिलं, कागद फिरवून त्याच्यापुढं सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. वीरुपाक्षनं खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि पूर्ण नावाची सही केली.