डावखुऱ्या कात्रीचा आकस

मित्रांनो, मी शिंप्याची एक जुनी कात्री आहे. लांबलचक, मनगट दुखेल इतकी वजनदार आणि स्वभावाने आकसखोर. मी प्रेमळ वगैरे असेन अशी तुमची समजूत असेल, तर ती आधीच सोडा.

माझे मास्तर डावखुरे. बाजारातल्या कात्र्या उजव्या हाताच्या, म्हणून त्यांनी लोहाराच्या शेजारी ठाण मांडून मला घडवून घेतले. माझी पाती उलटी बसवलेली आहेत. डाव्या हातात मी सरसर चालते. उजव्या हातात धरलीत तर पाती फाकतात, कापड मध्ये दुमडते आणि उंदराने कुरतडल्यासारखे होते. "ही कात्री म्हणजे माझी सवत," असे वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "तिला रोज तेल लावतात. माझ्या डोक्याला कधी लावलं का विचारा."

वर्षानुवर्षे आम्ही दोघांनी कोट बेतले. मास्तरांनी माझ्याखाली कधी कागद येऊ दिला नाही, कारण कागदाने कात्रीची धार मरते. लोक शिवण उलटून पाहत आणि मान डोलवत. त्या दिवसांत मला कुणाचा राग येत नसे.

मग मास्तरांचा डावा हात थरथरू लागला. काम करताना नव्हे, रिकामा असताना. चहाची वाट पाहत हात टेबलावर टेकला की अंगठा आणि बोट चिमूटभर मीठ चोळावे तसे हलत. एक पाऊल घासू लागले. खडूने लिहिलेली मापे इतकी बारीक झाली की कारागीर डोळे ताणून वाचत. हसू आले तरी चेहऱ्यावर दिसेना. डॉक्टरांनी नाव सांगितले, कंपवात. मेंदूचा आजार. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, पण बरा होत नाही, वाढत जातो.

"वाढू दे," मास्तर म्हणाले. "त्याच्या मापानं दिवस बेतू."

आणि खरेच बेतले. गोळी लागू पडली की अंग मोकळे होई, तेवढ्यात कापायचे. गोळीचा असर उतरला की खुर्चीत बसून काजांवर नजर ठेवायची. मित्रांनो, हे नीट ऐका. मास्तरांनी मला मुठीत धरले की त्यांची थरथर थांबत असे. मी स्वतः त्या मुठीत होते, मला कोण शिकवणार?

पण गल्ल्यावर त्यांचा धाकटा भाऊ बसे. केस चोपून बसवलेले, जिभेवर साखर. आपल्यालाही लोकांनी 'मास्तर' म्हणावे, याची त्याला फार हौस. कोणी म्हणेना, हे त्याच्या मनात सलत असे. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारले, "तुमच्या दादांचा हात का हो हलतो?"

त्याने इकडेतिकडे पाहिले, अंगठा ओठांना लावला आणि हळूच म्हणाला, "काय सांगायचं! हल्ली दुपारपासूनच सुरू असतं."

मेल्या! डॉक्टरांचे बोलणे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. मी टेबलावर पडल्या पडल्या सगळे ऐकत होते. त्याच क्षणी मी ठरवले, याची जिरवल्याशिवाय गंजायचे नाही.

बघता बघता मास्तर पितात ही बातमी गल्लीभर झाली. गिऱ्हाईक तुटू लागले. तेव्हा हाच शहाणा भावाला म्हणाला, "दादा, लोक बिचकतात. तुम्ही घरी आराम करा. कात्री इथंच राहू दे, उगाच हाताला लागायची." मास्तरांना वाटले, लोक थरथरीला बिचकतात. ते मान खाली घालून घरी गेले. ज्या माणसाने उभे आयुष्य त्या टेबलापाशी काढले, त्याला असे घालवले.

आणि माझे काय? धाकट्याने मला वापरून कागद कापले, सुतळ्या तोडल्या, एकदा तर डब्याचे झाकण उचकटले. मी विसरले मात्र काही नाही.

मग एके दिवशी जुन्या गिऱ्हाईक वकीलबाई आल्या. हातात काळे लोकरीचे कापड, त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेले. तसे आता कुठे विणत नाहीत. "मास्तर नाहीत? मग निदान त्यांच्या कात्रीनं तरी कापा," त्या म्हणाल्या. 'ही डाव्या हाताची आहे' एवढे सांगितले असते तर धाकटा वाचला असता. पण बाईंसमोर रुबाब दाखवायचा होता ना! त्याने मला ऐटीत उजव्या हातात उचलले.

हीच ती वेळ! मी पाती फाकवली आणि कापड असे चावले, असे चावले, की छातीच्या भागाच्या कडेला चिंध्या लोंबू लागल्या. इतके सुख मला सगळ्या कोटांत मिळून झाले नव्हते.

"हे काय केलंत?" बाई ओरडल्या. "मास्तरांना बोलवा!"

"दादा हल्ली..." त्याचा अंगठा सवयीने ओठांकडे गेला.

"पितात? तुम्ही पाहिलंत? कधी? कुठे? काय पितात?"

बाईंनी स्वतःच मास्तरांच्या घरी फोन लावला आणि ऐकले ते सगळे वहिनींना सांगितले.

मास्तर आले, पण उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. या आजारात तसे होते. वहिनींनी पिशवीतून शिंप्याचा खडू काढला आणि फरशीवर आडव्या रेघा ओढल्या. ओलांडायला रेघ दिसली की अडलेला पाय सुटतो. एकेक रेघ ओलांडत मास्तर आत आले. वहिनी उभ्या राहिल्या त्या थेट धाकट्यासमोर. "पितात? अरे, गोळ्या गिळायला पाणी पितात, तेवढंच! लाज नाही वाटली?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. हात मात्र टेबलावर थडथडत होता. सगळे त्या हाताकडेच बघत होते. मास्तरांनी दगडावर सावकाश माझी धार काढली, कापड पुन्हा लावून पाहिले आणि मला उचलले. थरथर थांबली. अडखळू नये म्हणून ते पुटपुटत मोजत होते. चावलेला भाग कॉलरच्या दुमडीखाली जाईल असा त्यांनी नवा बेत काढला. कोट वाचला.

"चुकलो, दादा," धाकटा म्हणाला. "उद्यापासून या."

"येईन," मास्तर म्हणाले. आजाराने आवाजही खोल गेला होता, सगळ्यांना वाकून ऐकावे लागले. "पण मी काही कापायच्या आधी त्या त्या गिऱ्हाइकाला तू सांगायचंस. मला काय झालंय ते, आणि तू काय बोलला होतास तेही."

मित्रांनो, आजार आता पुढे सरकला आहे. एक दिवस मास्तरांना मी उचलवणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून एवढेच मागते. कुणाचा हात थरथरताना दिसला तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी 'काय होतंय' असे विचारा. त्याच्या हातातले काम त्याला न विचारता काढून घेऊ नका. मास्तरांनी भावाला केव्हाच माफ केले. मी केलेले नाही, करणारही नाही.

आजही गिऱ्हाईक आले की धाकटा उभा राहतो आणि म्हणतो, "दादांना कंपवात आहे. ते पितात असं मी खोटं सांगितलं होतं." तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला तर मास्तर मला हात लावत नाहीत. कानामागे हात धरून म्हणतात, "मोठ्यानं."