माझ्यावर बसून तो काहीच बोलला नाही

मी खुर्ची. ज्या खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती नव्हे. मी आपली जेवणाच्या टेबलाची, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, वेताने विणलेली. पण माझ्या नशिबी मोठेपण आलं. ते कसं आलं आणि कसं गेलं, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

रोशब्रीन गावच्या सुताराने आम्हा सहा बहिणींना एकाच हिवाळ्यात घडवलं. पाच जणी सरळ निघाल्या. माझ्या वेळेला त्याची बायको बाळंत होत होती. त्याचं लक्ष सगळं आतल्या खोलीकडे, त्यामुळे माझा मागचा डावा पाय नखभर आखूड राहिला. चौकातल्या कॅफेची मालकीण आर्लेत फोजेर आम्हाला न्यायला आली, तेव्हा तिने मला एकदा हलवून पाहिलं आणि म्हणाली, "ही लंगडी कोपऱ्यात ठेवू. परगावचं गिऱ्हाईक आलं की त्याला देऊ. त्या बिचाऱ्याला काय माहीत!"

अशी ही आर्लेत. हातच्या मसुरीला जेवढी चव, तेवढीच जिभेला धार. गिऱ्हाइकं निम्मी जेवायला यायची आणि निम्मी बोलणी खायला. मसुरीत मीठ कमी आहे असं कोणी म्हटलं की ती म्हणायची, "मीठ बरोबर आहे, तुमची बायको जास्त घालते." त्या माणसाला पुन्हा बायकोपुढेही तक्रार करता येत नसे.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. इथे पाव शिळा निघाला तरी माणूस सरळ तक्रार करणार नाही. आधी कोणत्या तरी तत्त्वज्ञाचं वाक्य म्हणणार, मग पाव दाखवणार. गटार उपसायचा ठराव मांडायचा असला तरी सुरुवात एखाद्या सेनापतीच्या उद्गाराने. लग्नात थोर, मयतीत थोर, दोन पेले वाइन झाली की मग तर थोरच थोर. आणि ते वाक्य त्या थोराने खरंच म्हटलं होतं का, असं विचारणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. मी इतकी वर्षं ऐकतेय, मला तर वाटतं त्या बिचाऱ्या थोरांना हयातीत जेवायलाही वेळ मिळाला नसावा, इतकं ते बोलून गेलेत.

तर एका रविवारी दुपारी एद्मों वाल्कूर आमच्याकडे आला. मोठा विचारवंत, दोनदा मंत्री झालेला, सगळा देश ज्याला ओळखतो असा माणूस. दक्षिणेला निघाला होता, घाटात गाडी तापली आणि तो जेवायला थांबला. परगावचं गिऱ्हाईक! अर्थात त्याला मी मिळाले.

त्याने गळ्यात रुमाल खोचला, मसूर आणि सॉसेज मागवलं आणि खाली मान घालून जेवायला लागला. जेवणभर एक अक्षर बोलला नाही. बोलणार कसा, तोंड भरलेलं होतं.

शेजारच्या टेबलावर मात्र रणधुमाळी चालली होती. औषधांच्या दुकानाचा मालक बोन्फ्वा आणि गुरांचा डॉक्टर गास्पार सरकारवरून भांडत होते. चीज संपलं, कॉफी संपली, भांडण काही संपेना. बोन्फ्वा टेबलावर मुठी आपटत होता. शेवटी आर्लेत डाव हातात घेऊन बाहेर आली.

"अहो बोन्फ्वा," ती म्हणाली, "आल्या आल्या तर पावाशिवाय दुसरं काही बोलत नव्हतात. उपाशी माणसाला मतं नसतात, आणि पोट भरलेल्याकडे मतांशिवाय दुसरं काही नसतं. उठा आता, मला टेबल पुसायचंय!"

सगळं कॅफे हसलं. वाल्कूर तर इतका हसला की माझा आखूड पाय खटखट वाजला. मग तो आर्लेतला हात जोडल्यासारखं करून उठला, गाडीत बसला आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा बातमीदार आला. आर्लेत नेमकी बाजाराला गेली होती. त्याला भेटला बोन्फ्वा.

"वाल्कूर इथे जेवले म्हणे. काही बोलले का?"

बोन्फ्वाने क्षणभर विचार केला. कॅफेवालीने चारचौघांत झापलं, हे कोण सांगेल? पण थोर माणसाने सुनावलं म्हटलं की झापून घेण्यातसुद्धा मान असतो. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "बोलले तर! माझ्याशीच बोलले."

झालं. वाक्य छापून आलं, वाल्कूरच्या नावाने. टेबल पुसायचा भाग तेवढा गळला. पॅरिसच्या मोठ्या वर्तमानपत्राने ते उचललं, मग दिनदर्शिकेवर आलं, मग कॉफीबरोबर देतात त्या साखरेच्या पुड्यांवर. आर्लेत स्वतःच्या हाताने बशीत पुडी ठेवायची आणि गिऱ्हाईक तिलाच वाचून दाखवायचं, "वा! काय माणूस आहे हा वाल्कूर!"

"मी म्हणाले होते ते," आर्लेत सांगायची.

"हो हो, मादाम. आणि पॅरिसचा मनोराही तुम्हीच बांधलात ना?"

तिने गास्पारला साक्षीला बोलावलं. गुरांचा डॉक्टर, सरळ माणूस. पहिली दोन वर्षं तो छातीठोकपणे सांगायचा, "आर्लेतच म्हणाली, मी तिथेच होतो." मग हळूहळू त्याचा आवाज बसत गेला. एक दिवस खाली बघत म्हणाला, "आता मला नक्की आठवत नाही गं. इतक्या ठिकाणी छापून आलंय, म्हणजे..." त्या दिवशी आर्लेतने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि ती आत निघून गेली. वर तिच्या लेकीने पॅरिसहून वाढदिवसाला भांडी पुसायचं फडकं पाठवलं. त्यावर तेच वाक्य, खाली वाल्कूरची सही! आर्लेतने ते वाचलं. मग त्यानेच तवा पुसला.

तेव्हापासून तिचं बोलणं आटलं. जिभेवर काही चांगलं आलं की ती ओठ मिटून घ्यायची, मला दिसायचं ना. बोललं तर पुन्हा कोणीतरी उचलून नेईल, ही धास्ती. मसूर तीच राहिली, पण जेवणाची लज्जत गेली. फार वाईट वाटायचं हो मला तिच्यासाठी.

आणि माझं काय झालं? बोन्फ्वा नगराध्यक्ष झाला आणि माझ्या पाठीवर त्याने पितळी पाटी ठोकून घेतली: 'याच खुर्चीवर एद्मों वाल्कूर यांनी...' आणि पुढे ते वाक्य. माझ्याभोवती तांबडा दोर बांधला. प्रवासी यायचे, फोटो काढायचे, आणि जेवायला माझ्या बहिणींवर बसायचे. माझा वेत सुकून कडकडायला लागला. खुर्चीवर कोणी बसेना म्हणजे तिचं जिवंतपणीच श्राद्ध झालं.

यंदा वसंतात बोन्फ्वाने नवीन टूम काढली. मला नगरपालिकेच्या संग्रहालयात हलवायचं, काचेच्या पेटीत. आणि समारंभाला येणार खुद्द वाल्कूर! नव्वदीला टेकलेला, पण येतो म्हणाला.

आर्लेत फक्त एवढंच म्हणाली, "येऊ दे त्याला. माझं वाक्य एकदा काचेत गेलं की कायमचं गेलं. त्याच्या तोंडावरच विचारते."

सोहळा दुपारचा होता. वाल्कूर सकाळीच आला, एकटा, काठी टेकत. कॅफे रिकामं होतं. त्याने तांबडा दोर उचलला, खालून वाकून आत आला आणि माझ्यावर बसला. अहाहा! माझा सगळा वेत करकरला. आर्लेत स्वयंपाकघरातून आली, हातात डाव, आणि इतक्या वर्षांचं साठवलेलं सगळं ओठांवर.

"मादाम," तिच्या आधी तोच बोलला, "तुम्ही मला चोर म्हणणार आहात. म्हणा."

"म्हणणारच आहे! लाज नाही वाटली तुम्हाला?"

"पहिल्यांदा एका बाईने त्या वाक्याबद्दल दाद दिली तेव्हा मी नुसती मान डोलावली. मेजवानी होती, खुलासा कुठे करत बसू म्हटलं. मान एकदा डोलावली की पुन्हा नाही म्हणता येत नाही, मादाम. मी एकोणीस पुस्तकं लिहिली. रस्त्यात लोक मला थांबवतात आणि माझं म्हणून जे म्हणून दाखवतात ते हे तुमचं एकच वाक्य. माझं स्वतःचं एकही कोणाला आठवत नाही. हे सोडलं तर माझ्याकडे काही राहत नाही."

आर्लेतचा डाव हवेतच राहिला. ज्याच्याशी भांडायची इतकी वर्षं तयारी केली तो असा समोर म्हातारा होऊन बसलेला. ती आत गेली आणि मसुरीची बशी आणून आदळली.

"जेवा आधी. उपाशीपोटी कबुलीजबाब देऊ नयेत." आणि लगेच तिने ओठ मिटले. पण मी ऐकलं होतं.

दुपारी चौक भरला. मला उचलून कॅफेच्या दारात आणलं. बोन्फ्वा खांद्यावरून नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा घालून बोलायला उभा राहिला आणि चार थोरांची वाक्यं म्हणून झाल्यावर पाचव्याकडे वळला. वाल्कूर उठला. एका हाताने त्याने माझी पाठ धरली होती.

"त्या दिवशी मी काहीही बोललो नाही," तो म्हणाला. "माझं तोंड भरलेलं होतं. हे वाक्य या मादाम फोजेर यांचं आहे."

टाळ्यांचा कडकडाट!

"ऐकलंत?" बोन्फ्वा ओरडला. "याला म्हणतात नम्रता! स्वतःचं वाक्य एका स्वयंपाक करणाऱ्या बाईला अर्पण केलं!" बातमीदार भराभरा लिहून घेत होता. वाल्कूरने पुन्हा सांगितलं, खरंच मी नाही म्हणालो. लोक आणखी हसले. काय विनोदबुद्धी आहे या वयात! सगळ्या जन्माची हुशारी त्याच्या आड आली होती. आर्लेतच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ती आत जायला वळली.

तेव्हा वाल्कूरने टेबलावरची सुरी उचलली आणि माझ्या मागे गुडघे टेकले. नव्वदीचा माणूस! पितळी पाटीच्या स्क्रूत सुरीचं टोक घातलं आणि फिरवायला लागला. पहिला स्क्रू निघाला तेव्हा लोक हसतच होते. दुसऱ्याला हसू थांबलं. तिसऱ्याला कोणीतरी टोपी काढली. चौथा गंजलेला होता, तो निघेना, आणि कोणी पुढेही होईना. तेव्हा गास्पार गर्दीतून आला, म्हाताऱ्याच्या शेजारी बसला आणि दोघांनी मिळून तो काढला.

वाल्कूरने पाटी आर्लेतपुढे धरली. "तुमचं तुम्हाला परत."

आर्लेतने ती उलटसुलट करून पाहिली. मग त्याच्या कोटाच्या खिशात सरकवली आणि वरून थोपटली. "ठेवा तुमच्याकडे. मी गिळलेली वाक्यं अजून पुष्कळ आहेत, आता एकेक काढते." आणि ती बोन्फ्वाकडे वळली. "काय हो नगराध्यक्ष? मोठ्या माणसाच्या सावलीत उभं राहिलं की आपली सावली पडत नाही. जरा उन्हात या!"

चौक खदखदून हसला. बोन्फ्वाचा चेहरा बीटासारखा लाल झाला. चाचरत म्हणाला, "मादाम, आपण... आपण नवीन पाटी करू. तुमच्या नावाची. आणि ही खुर्ची संग्रहालयात..."

"काही नको. पाटी लावली की माणसं बसायची थांबतात."

बातमीदाराने सवयीने मान वर केली. "हे कोणाचं वाक्य आहे?"

"आर्लेतचं!" गास्पार इतक्या जोरात ओरडला की कबुतरं उडाली. "आत्ता म्हणाली! मी इथेच होतो, या कानांनी ऐकलं! लिही! आर्लेत फोजेर! आणि मी परत कधी विसरलो तर मला गाढवाचं इंजेक्शन दे!"

आर्लेत हसली. इतक्या वर्षांनी पोट धरून हसली.

मी काचेच्या पेटीत गेले नाही. रोज बसतात माझ्यावर, भांडतात, सांडतात, कधी मागे रेलून पाठ मोडायला बघतात. पाठीला चार भोकं आहेत, तेवढी सोडली तर प्रकृती ठणठणीत. तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. ही वाक्यं तुम्हाला आवडली असतील तर खुशाल चारचौघांत सांगा, पण कोणा थोराच्या तोंडी घालू नका. आर्लेत फोजेर म्हणाली, असं सांगा.