उंदराने दाबलेला स्कॅनर

"कुनाचा इस्वास बसायचा न्हाई साहेब, पन हा स्कॅनर उंदरानं दाबला. ह्या डोळ्यांनी बघितलाय म्या."

गंगारामकाकांनी चेहरा असा ठेवला होता, की उंदीर अजून समोरच बसला असावा. अंकुश सुपरवायझरने स्कॅनर त्यांच्या नाकाशी नेला. फिनेलची एकच बाटली त्यात पुन्हा पुन्हा नोंदली गेली होती.

"काका, फेकू नका. हा क्रांतीचा स्कॅनर आहे. ती कुठे होती?"

क्रांतीची ही पहिलीच नोकरी. द्रोणागिरीच्या त्या गोदामात स्कॅनर जरा गप्प राहिला, की ऑफिसातल्या पडद्यावर नाव लाल व्हायचं. आणि नाव लाल झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेट उघडत नसे. संडास पार दुसऱ्या टोकाला. पोरं रॅकमागे बाटल्यांत उरकायची. त्या कोमट बाटल्या उचलायचं काम काकांचं. पोरींना तीही सोय नव्हती. त्या पाणीच पीत नसत. आणि काकांच्या छातीवर कंपनीने, केक कापून, टाळ्या वाजवून लावलेला बिल्ला : 'नवोदितांचा सोबती'.

मघाशी क्रांती ओठ चावत, पाय आवळून उभी दिसली, तेव्हा काकांनी तिच्या हातातला स्कॅनर काढून घेतला. "जा पोरी, मी हाय." जन्मभर ओझी उचललेला माणूस. दर वेळी नवी बाटली दाखवावी लागते, हे त्यांना कुठलं ठाऊक!

"घुशीएवढा हुता," काका रंगात आले. "मागच्या दोन पायांवर हुबा ऱ्हायला, बाटली अशी छातीशी धरली, आन् टीक, टीक, टीक. मान वर न्हाई केली गड्यानं."

पॅकिंगच्या पोरी खिदळल्या. "काका, त्याला पन एक बिल्ला द्या," मंजुषा म्हणाली.

अंकुशलाही हसू आवरेना. "बोलवा त्याला. कामावर ठेवतो."

"ठेवा की. हुबा ऱ्हातो तितंच मुततो. तुमाला परवडंल."

पोरी खोक्यांकडे वळल्या. अंकुश मात्र हसतच राहिला. "जाऊ द्या. उंदीर तर उंदीर," म्हणत त्याने स्कॅनर परत आलेल्या क्रांतीपुढे धरला.

क्रांतीने तो घेतला नाही. काकांनी डोळ्यांनी तिला दटावलं, पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"काका खोटं बोलतायत," ती म्हणाली. "उंदीर नव्हता. मी लघवीला गेले होते. उद्यापण जाणार."